वापरलेली आउटबोर्ड मोटार पारखायची कशी: कोल्हापूरच्या नव्या बोटवाल्यांसाठी

२००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या चिखली-आंबेवाडीपासून शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांपर्यंत बोट कशाला हवी, हे आता कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गावचं तरुण मंडळ, मच्छीमार सोसायटी, धरणाच्या फुगवट्यावर जाळी टाकणारे, सगळेच कधी ना कधी बोटीचा विचार करतात. बोट फायबरची असो वा ॲल्युमिनियमची, ती डोळ्यांनी बऱ्यापैकी पारखता येते. फसगत होते ती आउटबोर्ड मोटारीत, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायच्या इंजिनात. नवी परवडत नाही म्हणून कोकणातून किंवा जुनं सामान विकणाऱ्याकडून वापरलेली मोटार आणली जाते. अंगणात दोरी ओढली की ती झटक्यात सुरू होते आणि भर पुरात, बोटीत माणसं बसलेली असताना बंद पडते.

कंपनीच्या नावावर भरवसा ठरवू नका. यामाहा, सुझुकी, टोहात्सू, होंडा, मर्क्युरी, सगळ्यांच्या मोटारी चांगल्या असतात आणि सगळ्यांच्याच वाईट वापरल्या गेलेल्या मोटारी बाजारात येतात. पाहायचं ते पाणी. इंजिन थंड ठेवायला जिथं पाणी पोचायला हवं तिथं ते पोचतंय का? आणि जिथं थेंबही नको, म्हणजे गिअरकेस (पंखा, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या गिअरचा खालचा डबा), पेट्रोल आणि सिलिंडर, तिथं ते शिरलंय का? या दोन प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली की मोटारीबद्दल बहुतेक सगळं कळतं.

सोबत न्यायचं सामान

- कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं), १४ मिमी आट्याच्या जोडणीसह (बहुतेक मोटारींच्या प्लगचे आटे १४ मिमीचे असतात)
- प्लग पाना, स्पार्क टेस्टर, मल्टिमीटर
- गिअर ऑइलचे स्क्रू उघडायला रुंद पात्याचा मजबूत स्क्रूड्रायव्हर आणि त्या स्क्रूंचे नवे वॉशर
- पांढरी प्लास्टिकची वाटी, छोटं चुंबक, टॉर्च
- मोबाइलला जोडता येणारा बोअरस्कोप, म्हणजे भोकातून आत घालायचा बारीक कॅमेरा (स्वस्तात मिळतो आणि मोठी फसगत वाचवतो)
- प्लगच्या वायरीला अडकवायचा छोटा टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे मोजायला)
- ताजं पेट्रोल ५ लिटर. टू-स्ट्रोकसाठी टीसी-डब्ल्यू३ (पाण्यानं थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीच्या) दर्जाचं ऑइल १०० मिली
- मोटारीच्या पाणी ओढायच्या जाळ्यांवर बसवून पाणी सोडायचे रबरी मफ आणि बागेचा पाइप. नाहीतर विकणाऱ्याकडे २०० लिटरचं पिंप आहे का ते आधी विचारून घ्या

विक्रेता "सामान कशाला, मी दाखवतो ना चालवून" म्हणाला तरी सामान न्याच. गेज लावू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

१. आधी स्वतःची गरज ठरवा

बोटीच्या मागच्या फळीची, म्हणजे ट्रान्समची उंची मोजा. साधारण ३८ सेंटीमीटर, म्हणजे १५ इंच असेल तर शॉर्ट शाफ्ट, म्हणजे आखूड पायाची मोटार लागते. ५१ सेंटीमीटर, म्हणजे २० इंच असेल तर लाँग शाफ्ट. मोटार बसवल्यावर पंख्यावरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर खाली यायला हवी. शाफ्ट आखूड पडला तर पंखा हवा ओढतो आणि वळणावर इंजिन नुसतं ओरडतं. लांब पडला तर पुराच्या पाण्याखाली दडलेल्या बांधावर नाहीतर तारेच्या कुंपणावर आपटतो. सौदा स्वस्त आहे म्हणून चुकीच्या शाफ्टची मोटार घेऊ नका.

ताकद बोटीवरच्या पाटीत लिहिलेल्या एचपीपेक्षा जास्त नको. आपल्याकडे आणखी एक गोष्ट धरून चालायची. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के उतरते. मालवणला २५ एचपी देणारी मोटार इथं पाच-सहा टक्के कमी ओढणार. हा दोष नव्हे, पण भरल्या बोटीला ताकद काठोकाठ पुरत असेल तर हा फरक जाणवतो.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? रोज मासेमारीला जाणार असाल तर फोर-स्ट्रोक घ्या, तेल कमी खाते. पण वर्षातले दहा महिने शेडमध्ये उभी राहून जुलै-ऑगस्टला धावून यायचं असेल, तर कार्बोरेटरची साधी टू-स्ट्रोक बरी. भाग कमी, आणि गावातल्या मिस्त्रीलाही ती उमजते. लहान फोर-स्ट्रोकच्या कार्बोरेटरमधली बारीक छिद्रं पडून राहिलेल्या पेट्रोलनं फार लवकर तुंबतात.

२. मोटार कुठल्या पाण्यातून आली ते काढा

आपल्याकडे येणाऱ्या वापरलेल्या मोटारी तीन प्रकारच्या असतात, आणि तिन्ही वेगळ्या तपासाव्या लागतात.

पहिली, खाऱ्या पाण्यातली. फोंडा किंवा आंबा घाट चढून आलेली मोटार वर्षानुवर्षं समुद्रात किंवा खाडीत चाललेली असते. रोज गोड्या पाण्यानं दहा-पंधरा मिनिटं धुतली असेल तर ती उत्तम असू शकते. न धुतलेलीत थंडाव्याच्या वाटा मिठानं भरतात. बोल्टांच्या मुळाशी पांढरी पावडर, फुगलेला रंग, गंजून एकजीव झालेले स्क्रू ही त्याची खूण. पट्टीखालचा किंवा क्लॅम्पजवळचा बलिदानी धातूचा तुकडा, म्हणजे ॲनोड, बघा. निम्मा झिजलेला असेल तर चांगलं, त्यानं त्याचं काम केलंय. पूर्ण गायब असेल तर झीज मोटारीच्या अंगाला लागली आहे. त्यावर रंग मारलेला असेल तर तो असून नसल्यासारखा, कारण रंगाखालचा ॲनोड काम करत नाही.

दुसरी, पुरात बुडालेली. ही सगळ्यांत घातक. बुडालेली मोटार बाहेर काढल्यावर काही तासांत उघडून, धुऊन, तेल घालून चालवली नाही तर क्रँकच्या बेअरिंगवर गंज धरतो. वरून रंग मारून ती विकली जाते. वरचं झाकण काढा आणि टॉर्च घेऊन जिथं फडकं पोचत नाही तिथं बघा: स्टार्टर दोरीच्या चकतीच्या आत, फ्लायव्हीलखाली, वायरींच्या गुच्छामागे. तिथं वाळलेला बारीक गाळ किंवा पाण्याची रेघ दिसली, वायरींच्या टोकांना हिरवट बुरशीसारखा गंज दिसला, तर किंमत कितीही पडली तरी घेऊ नका.

तिसरी, केरोसीनवर चालणारी. किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमार ती वापरतात. पेट्रोलवर सुरू करून, गरम झाली की केरोसीनवर घ्यायची आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायची, अशी तिची पद्धत. तिचं कॉम्प्रेशन मुळातच कमी ठेवलेलं असतं. दोन इंधनांच्या नळ्या, मधला कॉक आणि मॉडेलचं नाव बघा. कुणी "पेट्रोलवरही चालते" म्हणून विकत असेल तर नाही म्हणा. तुम्हाला ना तिची पूर्ण ताकद मिळेल, ना इथं तिचे सुटे भाग.

३. हात लावून बघा: इंजिन थंड आहे ना?

पोचल्यावर पहिलं काम हेच. झाकण काढून सिलिंडर हेडवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर विक्रेत्यानं तुम्ही यायच्या आधी ते चालवून ठेवलंय. झिजलेली रिंग, कमजोर स्पार्क, गळका चोक, सगळे दोष गरम इंजिनात लपतात. दोन तास थांबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी या.

वरच्या सिलिंडरभोवतीचा रंग करपलेला किंवा फोड आलेला असेल तर इंजिन कधीतरी तापलेलं आहे. क्लॅम्पचे स्क्रू फिरतात का, मोटार वर उचलून अडकते का, टिलर (मोटार वळवायचा दांडा) डावी-उजवीकडे हलवताना मधला खांब खुळखुळतो का, हे पाच मिनिटांत होतं. पंख्याखालचं उभं पातं तुटलेलं किंवा वाकलेलं दिसलं तर पुढची पायरी दुप्पट बारकाईनं करा, कारण ज्या दगडानं पातं मोडलं त्यानंच पंख्याचा शाफ्ट वाकवलेला असू शकतो.

४. गिअरकेस: इथं घाई करू नका

मोटारीतला सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत दुर्लक्षित भाग हाच. क्रम असा:

मोटार उभी ठेवून किमान तासभर स्थिर राहू द्या. मग गिअर ऑइलचा खालचा स्क्रू अगदी थोडा सैल करा, वरचा बंदच असू दे. पाणी तेलापेक्षा जड असल्यानं तळाशी बसतं. आधी पाण्याचे थेंब आले तर सील गेलेलं आहे. त्यानंतर वरचा स्क्रूही काढा आणि सगळं तेल पांढऱ्या वाटीत घ्या.

स्वच्छ, पारदर्शक तेल चांगलं. दुधी किंवा कॉफीसारखं तेल म्हणजे पाणी मिसळलंय. काळं आणि जळका वास असलेलं म्हणजे ते वर्षानुवर्षं बदललेलं नाही. चुंबकावर मलमासारखी बारीक धातूची भुकटी येणं साहजिक आहे. पण बोटाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा सापडला तर गिअर गेले.

इथं एक हमखास सापळा असतो. विक्रेता त्याच दिवशी सकाळी नवं तेल भरून ठेवतो आणि वाटीत सोन्यासारखं तेल पडतं. त्यामुळे अगदी नवंकोरं तेल दिसलं तर खूश होऊ नका. पाण्यावरची चाचणी झाल्यावर मोटार पुन्हा तासभर उभी ठेवून खालचा स्क्रू दुसऱ्यांदा सैल करून बघा. सील गळत असेल तर अर्ध्या तासाच्या चाचणीतही पाण्याचा मागमूस लागतो. मिस्त्रीकडे हवेचा दाब देणारा छोटा पंप असेल तर रिकाम्या गिअरकेसला १० ते १२ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब देऊन पाच मिनिटं काटा बघा आणि सीलजवळ साबणाचं पाणी लावा. बुडबुडा जिथं येईल तिथं गळती.

पंखा काढा. त्याच्यामागे शाफ्टला गुंडाळलेला नायलॉनचा दोरा सापडतो का बघा. जाळ्याचा तंगूस सील कापत आत शिरतो; पंचगंगेतल्या जलपर्णीच्या मुळांत असले दोरे भरपूर अडकलेले असतात. मग शाफ्टच्या टोकाजवळ पेन्सिल धरून शाफ्ट हातानं सावकाश फिरवा. टोक आणि पेन्सिल यांतलं अंतर कमी-जास्त होत असेल तर शाफ्ट वाकलाय. वाकलेला शाफ्ट नवं सीलही महिन्याभरात खातो.

तेल परत भरताना नेहमी खालून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. आधी वरचा स्क्रू लावायचा, मग नळी काढून खालचा. वरून ओतलं तर आत हवा अडकते आणि तेल कमी पडतं. वॉशर नवेच वापरा.

५. प्लग आणि कॉम्प्रेशन

प्लग काढून सिलिंडरच्या क्रमानं कापडावर मांडा. फिकट तपकिरी टोक चांगलं. काळं, तेलकट, ओलं म्हणजे तेल जास्त किंवा स्पार्क कमजोर. पांढरंफटक म्हणजे इंधन कमी मिळतंय किंवा इंजिन तापतंय. टोकावर चांदीसारखे बारीक ठिपके दिसले तर ते पिस्टनचं वितळलेलं ॲल्युमिनियम आहे. एक प्लग बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा लख्ख असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. हेड गास्केट गेलेलं असण्याची शक्यता मोठी. सगळे प्लग कोरे करकरीत असतील तर जुने दाखवा म्हणून सांगा.

आता कॉम्प्रेशन. सगळे प्लग बाहेर, बंद करायच्या स्विचची दोरी (चालकाच्या अंगाला बांधायची, ओढली गेली की मोटार बंद करणारी) काढलेली, प्लगच्या वायरी बॉडीला टेकवून अर्थ केलेल्या. वायर अधांतरी ठेवून इंजिन फिरवलं तर कॉइल किंवा सीडीआय (स्पार्क सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) जळू शकते. थ्रॉटल पूर्ण उघडा. गेज लावून, काटा वाढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा; चार-पाच झटके पुरतात. प्रत्येक सिलिंडरला तेवढेच झटके द्या.

पेट्रोलच्या टू-स्ट्रोकला साधारण १०० पीएसआयच्या वर आकडा हवा. पण आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. दोन्हीकडे १०५ असेल तर मी ती मोटार घेईन. एकीकडे १२५ आणि दुसरीकडे ९५ असेल तर नाही. फरक १० टक्क्यांच्या आत हवा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली तेल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात. तसाच राहिला तर गास्केट किंवा पिस्टनला पडलेलं भोक शोधा. फोर-स्ट्रोकमध्ये दोरी हलकी जावी म्हणून काही मोटारींना डीकॉम्प्रेशनची सोय असते. तिथं गेजवरचा आकडा कमीच येतो, म्हणून तो मॅन्युअलशी ताडून बघा.

प्लगच्या भोकातून बोअरस्कोप घालून सिलिंडरची भिंत बघा. बारीक तिरक्या रेघा असणं चांगलं. नखाला अडकतील अशा उभ्या चिरा म्हणजे पिस्टन एकदा जाम झालेला आहे. हे दृश्य मोबाइलवर टिपून ठेवा, भाव करताना उपयोगी पडतं.

६. पिंपातली चाचणी

पाण्याशिवाय मोटार अर्धा मिनिटही चालवू नका. आतला रबरी इम्पेलर, म्हणजे थंडाव्याचं पाणी ओढणारं पात्यांचं चाक, पाण्यानंच ओला आणि थंड राहतो; कोरडा फिरला की त्याची पाती जळतात. "जरा आवाज ऐका" म्हणून कोरडी चालवून दाखवणारा विक्रेता मोटार कशी वापरत आला असेल, ते त्यातच कळतं.

पिंपात पाणी पंख्यावरच्या पट्टीच्या बरंच वर यायला हवं. टू-स्ट्रोकला ५ लिटर पेट्रोलमध्ये १०० मिली ऑइल, म्हणजे ५० ला १, हे आजच्या बहुतेक मोटारींचं प्रमाण. जुन्या मॉडेलांना जास्त लागतं, म्हणून पाटीवर लिहिलेलं प्रमाण आधी वाचा.

थंड मोटार चोकवर तीन-चार झटक्यांत सुरू व्हावी. सुरू होताच मागच्या छोट्या भोकातून पाण्याची धार दिसायला हवी. नाही आली तर लगेच बंद करा. भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं असणं अगदी नेहमीचं. नायलॉनची जाड दोरी घालून मोकळं करा आणि पुन्हा बघा. तरीही धार अशक्त असेल तर इम्पेलर गेलेला आहे किंवा वाट तुंबली आहे. इम्पेलर स्वस्त, तुंबलेली वाट महाग. म्हणून इम्पेलर बदलून धार सुधारत असेल तरच सौदा पुढे न्या.

किमान अर्धा तास चालवा. दहा मिनिटांवर समाधान मानू नका. स्पार्क देणारी कॉइल आणि सीडीआय थंड असताना नीट चालतात आणि तापल्यावर मान टाकतात. अर्ध्या तासानं बंद करा, पाच मिनिटं थांबा, चोक न लावता पुन्हा सुरू करा. गरम मोटार सुरू होत नसेल तर पुरात तुम्ही काय कराल याचा विचार करा.

चालत्या मोटारीत बंद करायच्या स्विचची दोरी ओढा: तत्क्षणी बंद पडली पाहिजे. दोरी लावलेली नसताना सुरू होता कामा नये. हा स्विच वायर जोडून बायपास केलेला सर्रास आढळतो. तो दुरुस्त झाल्याशिवाय त्या मोटारीवर माणसं बसवू नका.

७. पेट्रोल आणि इथेनॉल

हा मुद्दा इथं मुद्दाम वेगळा घेतलाय. आपल्या साखर कारखान्यांच्या भागात इथेनॉल सगळ्यांना माहीत आहे. पंपावरच्या ई-२० पेट्रोलमध्ये ते २० टक्क्यांपर्यंत असतं. बहुतेक आउटबोर्ड कंपन्या १० टक्क्यांपर्यंतच मुभा देतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. टाकीत पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाशी वेगळं होतं, आणि पेट्रोल ओढणारी नळी तळाशीच असते. शिवाय जुने रबरी पाइप यानं मऊ पडतात किंवा आतून सुटतात आणि ते तुकडे कार्बोरेटरमध्ये जाऊन बसतात.

म्हणून इंधनाचा पाइप दाबून आणि वाकवून बघा. चिकट, फुगलेला किंवा तडकलेला असेल तर तो बदलायच्या यादीत टाका. हातपंपाचा गोळा दाबत राहिल्यावर कडक व्हायला हवा. होत नसेल तर कुठून तरी हवा शिरते. गोळ्यावरचा बाण मोटारीकडे हवा. काही मिनिटं चालून मोटार बंद पडत असेल तर आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का बघा. पुष्कळ "बिघडलेल्या" मोटारी तेवढ्यानं बऱ्या होतात.

८. पाण्यावर, वजन घेऊन

पिंपात जोर लागत नाही. पाणी आणि परवानगी असलेल्या ठिकाणी, दोन-तीन माणसं बसवून, लाइफ जॅकेट घालून चाचणी घ्या. सोबत दुसरी बोट किंवा वल्ही आणि लांब दोर हवा.

पुढे, न्यूट्रल, मागे असे गिअर संथ वेगात दहा-बारा वेळा टाका. खट्कन बसले पाहिजेत. जोर दिल्यावर गिअर उडून न्यूट्रल होत असेल तर आतल्या क्लचचे दात गोल झालेत. इंजिनाचे फेरे वाढले पण बोट पुढे सरकत नसेल तर पंख्यातलं रबर सुटलंय. हे गिअरच्या मानानं किरकोळ काम आहे.

मग पाच ते दहा मिनिटं पूर्ण थ्रॉटल. टॅकोमीटरवर मोटारीच्या मॅन्युअलमधल्या कक्षेत, साधारण ५,००० ते ६,००० फेरे यायला हवेत (काही दणकट कामाच्या मोटारींची कक्षा ४,५०० पासून सुरू होते). कमी येत असतील आणि बोट जड नसेल, तर पंख्याचा पिच (एका फेऱ्यात पंखा पाणी कापत जेवढा पुढे जाईल ते अंतर) जास्त असेल. एक इंच पिच उतरवला की फेरे दीडशे-दोनशेनं वाढतात. घाट चढून आलेल्या मोटारीला हे अनेकदा लागतं. पिच बरोबर असूनही फेरे येत नसतील तर एक सिलिंडर झोपलेला आहे.

सगळा वेळ एकाची नजर पाण्याच्या धारेवर ठेवा. नंतर काठावर येऊन गिअरकेसचा स्क्रू दुसऱ्यांदा सैल करायचा, तो इथं.

९. कागदपत्रं

- मूळ जीएसटी बिल. बाहेरून आणलेली असेल तर आयातीचे कागद
- क्लॅम्पवरच्या पाटीवरील अनुक्रमांकाचा फोटो, बिलाशी ताडलेला. पाटी खरवडलेली किंवा रिव्हेट नवे असतील तर मोटार सोडून द्या
- विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत आणि अनुक्रमांक लिहिलेला विक्रीकरार
- मॉडेलचं मॅन्युअल

मोटार लावली की बोट यांत्रिक बोट ठरते, आणि अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१ प्रमाणे तिची तपासणी आणि नोंदणी लागते. महाराष्ट्रात त्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे चौकशी करा. धरणाच्या पाण्यावर जलसंपदा खात्याची परवानगी वेगळी. राधानगरीचा जलाशय अभयारण्याच्या हद्दीत येतो, तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊलही टाकू नका.

१०. काय दुरुस्त करून घ्यावं आणि काय नाही

कारखान्यांचं उद्यमनगर जवळ असणं ही आपली मोठी सोय. तुटलेलं पातं ॲल्युमिनियम वेल्डिंगनं नीट होतं, पितळी बुश नवे करून मिळतात, तुटलेले बोल्ट काढून नवे आटे पाडून मिळतात. अशा दोषांना घाबरू नका, भाव उतरवून घ्या. पण गिअर, पिनियन, सील आणि इम्पेलर करून घ्यायच्या वस्तू नव्हेत; ते कंपनीचेच लागतात. साच्यात ओतलेला रबरी इम्पेलर पहिल्या दिवशी छान पाणी फेकतो आणि पंचगंगेच्या गाळात काही तासांत पाती टाकतो.

सिलिंडरमधला मोठा फरक, दुधी तेलासोबत धातूचे कण, बुडाल्याच्या खुणा, खरवडलेला अनुक्रमांक: यांतलं एकही निघालं तर भाव करू नका, निघा.

११. घरी आणताना आणि आणल्यावर

आधी मोटार उभी ठेवून सगळं पाणी निथळू द्या. आडवी ठेवताना इंजिनाचं डोकं पंख्यापेक्षा वर राहिलं पाहिजे, नाहीतर एक्झॉस्टमधलं पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. फोर-स्ट्रोक फक्त स्टिकरवर दाखवलेल्या कुशीवरच निजवायची. दुसऱ्या कुशीवर निजवली की ऑइल सिलिंडरमध्ये जातं आणि घाटातल्या धक्क्यांत तर नक्कीच जातं. २५ एचपीची मोटार पन्नास किलोच्या आसपास असते, उचलायला दोघं लागतात.

आणल्यावर काहीही चांगलं दिसलं तरी इम्पेलर, गिअर ऑइल, प्लग, इंधनाचा पाइप आणि फिल्टर बदला. पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर बसवा. समुद्रातून आलेल्या मोटारीवर अनेकदा जस्ताचे ॲनोड असतात. गोड्या पाण्यात त्यांच्यावर थर चढून ते निकामी होतात, म्हणून मॅग्नेशियमचे लावा. पुरात वापरणार असाल तर इम्पेलर दर वर्षी मे महिन्यात बदलायचा. गाळाचं पाणी त्याला खरवडतं.

खरेदी थंडीत किंवा फार तर मार्चपर्यंत उरका. मे-जूनमध्ये सगळ्यांना एकदम मोटार हवी असते, भाव चढतो आणि सुटे भाग यायला वेळ लागतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकत असताना चाचणीला नदी मिळणार नाही.

पडून राहणारी मोटार महिन्यातून एकदा पिंपात पंधरा मिनिटं चालवा, शेवटी पेट्रोलचा पाइप काढून कार्बोरेटर रिकामा होऊन ती आपोआप बंद पडू द्या. टाकीतलं पेट्रोल महिन्याहून जुनं झालं की दुसरीकडे वापरून टाका. बोटीत एका डब्यात कायम ठेवायचं: एक जोडी प्लग आणि पाना, पंख्याची शिअर पिन (आपटल्यावर आधी तुटून गिअर वाचवणारी) किंवा नट-कॉटर, स्टार्टरसाठी जादा दोरी, बंद करायच्या स्विचची जादा दोरी, एक इम्पेलर, चाकू (पंख्यातली जलपर्णी आणि तंगूस कापायला), दोन वल्ही.